पोकळ मिरे

आमच्या आत्याचे घर सोनारीला. परंडा तालुक्यातले हे गाव काळभैरवनाथाचे म्हणून ओळखले जाते. चैत्रात नाथाची यात्रा होते आणि ती उरकली की घरोघरच्या बायका वर्षाच्या मसाल्याला लागतात. आपल्याकडे पुण्यामुंबईला गोडा मसाला, तिकडे काळा. धने, तीळ, खोबरे, दगडफूल, लवंग, दालचिनी, मिरी हे सारे जिन्नस तेलावर काळपट होईस्तोवर भाजायचे आणि कुटायचे. त्या दिवसांत गल्लीतून जाणाऱ्याला शिंका आल्यावाचून राहत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी ‘‘मसाल्याचे जिन्नस यंदा मी शहरातून आणतो,’’ अशी फुशारकी मी मारली. चांगल्या दुकानातून, चांगल्या वेष्टनात बांधलेली मिरी नेली. आत्याने पुडी फोडली, मूठभर मिरी पाटावर पसरली आणि एकेका दाण्यावर अंगठा दाबू लागली. काही दाणे खड्यासारखे टणक राहिले. काही मात्र कट्‌ आवाज करून फुटले आणि त्यांचा भुगा झाला. भुग्यात साल होती. आत काहीच नव्हते.

‘‘ह्यात दाणा हाय कुठं रं? नुसतं फोलपट!’’ आत्या म्हणाली. मग तिने उरलेली मिरी पाण्याच्या तांब्यात टाकली. निम्म्याच्या वर तळाला गेली, बाकीची तरंगत राहिली. तरंगणारी तिने पळीने काढून माझ्यापुढे ठेवली. ‘‘ह्याला शेंगमाशी लागल्यावानी दिसतंय.’’

मी हसलो. शेंगमाशी तुरीची. ती शेंगेच्या आत अंडे घालते, अळी आतल्या आत दाणा खाते आणि शेंग बाहेरून शहाण्यासारखी हिरवीगार दिसते. सोनारीच्या शिवारात तूर हे नेहमीचे पीक, तेव्हा आत्याला जगातली प्रत्येक कीड तुरीवरची वाटणार हे ओघाने आलेच, असे मी मनात म्हटले. पण वाचकहो, शहरी माणसाने खेड्यातल्या म्हातारीला हसण्याआधी थोडा दम धरावा हे बरे. आत्याचा नेम बहुतांशी बरोबर लागला होता. ते मला कळायला मात्र कण्णूर गाठावे लागले.

माझे धाकटे मेहुणे बँकेच्या नोकरीत. बदलीच्या चक्रात ते उत्तर केरळात कण्णूरला जाऊन पडले आणि ‘‘एकदा पावसाळ्यात या, हिरवळ काय असते ते बघा,’’ असा त्यांचा आग्रह सुरू झाला. गेल्या वर्षी श्रावणाच्या अखेरीस आम्ही गेलो. सोनारीला ज्या महिन्यात ढगांकडे डोळे लावून बसावे लागते, त्या महिन्यात तिथे छत्री मिटायची सोय नव्हती.

मेहुण्यांचे एक खातेदार तळीपरंबाच्या बाजूला राहतात. सत्तरीच्या घरातले गृहस्थ, लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हिंदी बेताचे. त्यांची मिऱ्यांची बाग आहे असे कळताच मला आत्याचा तांब्या आठवला. बाग म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे जी येते तशी ती नव्हे. जांभ्या दगडाच्या उतारावर फणस, सुपारी, पांगारा अशी झाडे आणि प्रत्येक झाडाच्या खोडाला बिलगून वर चढलेली एकेक मिरवेल. वेलीला पेरापेरावर मुळ्या फुटतात आणि त्यांच्या आधाराने ती झाडाला चिकटून राहते. पाने विड्याच्या पानांसारखी. त्यात नवल नाही, कारण नागवेल आणि मिरवेल एकाच कुळातल्या, सख्ख्या चुलत बहिणी. पानांच्या आडून बोटबोट लांबीचे घोस लोंबत होते आणि त्यांवर हिरव्या मण्यांची दाटी झाली होती.

पाऊस सुरू झाला की वेलीला नवी पालवी आणि तिच्यासोबत घोस फुटतात. मणी भरून पिकायला सहा ते आठ महिने लागतात. सपाटीवरच्या बागांत कार्तिक-मार्गशीर्षापासून तोडणी सुरू होते. एका बांबूच्या शिडीवर चढून घोस खुडायचे. घोसातले एकदोन मणी तांबडे झाले की तो काढण्याजोगा झाला असे समजायचे. मग मणी सुटे करून उन्हात वाळत घालायचे. हिरवे मणी वाळता वाळता काळे पडतात, सुरकुततात आणि शंभर किलोंचे तेहेतीसेक किलो भरतात. पांढरी मिरी ही निराळी जात नव्हे. पूर्ण पिकलेले मणी भिजवून साल काढली की तीच पांढरी होतात. ज्या दाण्यासाठी वास्को द गामा १४९८ साली कोळिकोडजवळच्या किनाऱ्याला लागला, तो दाणा असा साधा घरगुती रीतीने तयार होतो हे पाहून थोडी गंमत वाटते.

मी म्हाताऱ्या बागाईतदारांना, मेहुण्यांच्या मध्यस्थीने, पोकळ मिऱ्याची हकीकत सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकूनही घेतली नाही. ‘‘पोल्लू!’’ ते म्हणाले, आणि उठून वेलीकडे चालू लागले.

पोल्लू म्हणजे मलयाळमध्ये पोकळ. रोगाचे नावही तेच आणि किडीचेही तेच. त्यांनी हातभर उंचीवरचा एक घोस उलटा केला. सगळे मणी गर्द हिरवे, मध्येच दोनतीन पिवळट, एक काळा पडलेला. काळ्या मण्यावर त्यांनी अंगठा दाबला. थेट आत्यासारखा! कट्‌ आवाज झाला आणि भुगा त्यांच्या तळहातावर पडला. पिवळट मणी नखाने उकलून दाखवला, तर आत एक पांढुरकी, काळसर डोक्याची बारीक अळी आरामात बसलेली.

तिची आई म्हणजे एक भुंगेरा. भुंगेरा म्हणताना सुद्धा संकोच वाटावा इतका लहान, दोन-अडीच मिलिमीटरचा. डोके व छाती पिवळसर तपकिरी, पंख निळसर काळे आणि मागचे पाय पिसवेसारखे उडी घेणारे. पानाच्या खालच्या बाजूला तो बसलेला असतो. पान हलवले की टुणकन उडतो आणि दिसेनासा होतो. मला त्यांनी तीनदा दाखवला. मी पाहिला एकदाच.

मादी कोवळ्या मण्याच्या सालीला बारीकसा खड्डा पाडते आणि त्यात एखाददुसरे अंडे ठेवते. आठवड्याभरात अळी बाहेर येते, मण्यात शिरते आणि गर खाऊन टाकते. एक मणी संपला की शेजारच्यात. अशी एक अळी तीनचार मणी पोखरते. घोसाचा देठ कोवळा असताना तोही तिला चालतो, आणि मग सबंध घोस गळून पडतो. तीनचार आठवडे असा पाहुणचार झोडून ती खाली मातीत उतरते, दोनतीन इंचांवर मातीची कोठडी करून कोष बनते आणि आठवड्याभराने नवा भुंगेरा वर येतो. सारा फेरा चाळीस-पन्नास दिवसांचा. वर्षात चार पिढ्या होतात आणि त्या एकमेकींत मिसळलेल्या असतात, म्हणून जूनपासून घोस उतरेपर्यंत बागेत कोणती ना कोणती पिढी खात असतेच. काही भागांत तीस ते चाळीस टक्क्यांपर्यंत नुकसान झाल्याच्या नोंदी आहेत.

मिरवेलीला दुसरे शत्रू नाहीत असे नाही. पानांच्या कडा गुंडाळणारे फुलकिडे आहेत, शेंडा पोखरणारी अळी आहे, डोंगरावरच्या बागांत खवले किडी आणि मुळाशी पिठ्या ढेकूण आहेत. सर्वांत भयंकर म्हणजे द्रुतमर, हा बुरशीसारख्या जंतूचा रोग. त्याने उभी वेल पाहता पाहता कोसळते. द्रुतमर हा दरोडेखोर म्हटला तर पोल्लू भुरटा चोर. पण दरोडा निदान दिसतो तरी! पोल्लू लागलेली वेल शेवटपर्यंत हिरवी असते, घोस लागलेले असतात, माणूस समाधानात असतो. आणि वाळवून पोते काट्यावर ठेवले म्हणजे कळते की पोते मोठे आहे पण भरत नाही. ‘‘आमचे मिरे आम्ही डोळ्यांनी मोजत नाही, काट्यावर मोजतो,’’ असे त्या गृहस्थांनी सांगितले. व्यापारी हातात घेऊनच हलका माल ओळखतो आणि भाव पाडतो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, नाहीतर भुंगेऱ्यावर अन्याय होईल. प्रत्येक पोकळ मिरे हे त्याचेच काम नव्हे. करप्याच्या बुरशीनेही मणी पोकळ होतात, त्यालाही तिकडे पोल्लूच म्हणतात. पण त्या मण्यावर खोलगट तपकिरी डाग पडून साल फुलीसारखी उकलते, भुंगेऱ्याच्या मण्याला भोक असते. शिवाय कोवळेपणीच खुडलेली मिरीही हलकी निघतात. तसला माल तेल आणि अर्क काढण्यासाठी कारखान्यांना मुद्दाम लागतो. माझ्या पुडीतली पोकळ मिरी यांपैकी कोणती होती ते आता सांगता यायचे नाही, कारण पुरावा आत्याने चुलीत टाकला.

या भुंगेऱ्याची एक खोड मोठी उपयोगाची आहे. त्याला सावली आवडते. समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या खालच्या, दाट सावलीच्या बागांत तो माजतो. उंच डोंगरावर त्याचा त्रास पुष्कळ कमी. त्यामुळे पहिला उपाय कोयत्याचा. आधाराच्या झाडांच्या फांद्या पावसाळ्याच्या तोंडाशी छाटायच्या आणि वेलीवर उजेड पाडायचा. बुंध्याजवळची माती हलक्या हाताने चाळवली की कोष उघडे पडतात. हलक्या हाताने एवढ्यासाठी की मुळे दुखावली तर दरोडेखोर आत यायला वाट होते.

पण बागाईतदारांनी सारी वर्षे कोयत्यावर काढली नव्हती. त्यांच्या तरुणपणी डी.डी.टी. आणि बी.एच.सी. यांचे राज्य होते. पुढे एन्डोसल्फान आले. मिरवेलीवरच्या पोल्लूला त्याचीही शिफारस असे. ‘‘मी उघड्या हाताने कालवीत असे,’’ ते म्हणाले, आणि आपले हात त्यांनी असे समोर धरले, की जणू ते दुसऱ्या कोणाचे असावेत.

कण्णूरला लागून उत्तरेला कासरगोड जिल्हा. तिथल्या काजूच्या बागांवर सत्तरीच्या दशकापासून २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरमधून एन्डोसल्फान फवारले गेले. खाली गावे होती, विहिरी होत्या, ओढे होते. त्या गावांतून व्यंग घेऊन जन्मलेली मुले, मज्जासंस्थेचे विकार, न वाढणारी शरीरे यांच्या तक्रारी येऊ लागल्या, आंदोलने झाली, आणि अखेर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने देशभर या औषधाच्या उत्पादनाला, विक्रीला आणि वापराला बंदी केली. काजूची गोष्ट मिऱ्याच्या लेखात कशाला, असे कोणी विचारील. डबा तोच होता म्हणून. म्हाताऱ्यांची धाकटी बहीण कासरगोडात दिली आहे. तिकडच्या बातम्या ऐकल्यानंतर, बंदीच्या चारपाच वर्षे आधीच, त्यांनी उरलेला डबा परसात पुरायला काढला. मग मातीत पुरणेही बरे नव्हे असे कोणीसे सांगितले, म्हणून तो तसाच बंद करून कुलुपात ठेवला आणि पुढे शेतकी खात्याच्या माणसाच्या स्वाधीन केला. औषध सोडल्यावर दोन हंगाम माल इतका हलका निघाला की मुलगा बापाशी बोलेना. मुलाचे म्हणणेही चूक नव्हते. घर त्या पोत्यांवर चालायचे.

मग कोळिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेने सांगितलेली रीत त्यांनी धरली. संस्था अशी सांगते: सावली बेताची ठेवा, जुलैत, घोस कोवळे असताना, क्विनॉलफॉसची एक फवारणी करा, आणि पुढे ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर असे तीन महिने कडुनिंबापासून केलेले औषध मारा. फवारा पानांच्या खालच्या अंगाला आणि घोसांवर पोचला पाहिजे. सारे मर्म वेळेत आहे. अंडे मण्यात पडून अळी आत शिरली की तुमचे औषध बाहेर आणि ती आत. पंधरा दिवस उशीर झाला तर मग कितीही जहाल विष मारा, ते पावसाबरोबर ओढ्यात जाते.

म्हाताऱ्यांनी जुलैची फवारणीही सोडली आहे. नुसत्या निंबावर भागवतात आणि थोडे नुकसान सोसतात. संस्थेचे शास्त्रज्ञ याला पूर्ण संमती देतील असे मला वाटत नाही, आणि मुलाची तर नाहीच. पण तो आता बापाशी बोलतो, कारण पोते पूर्वीइतके नसले तरी बरेच भरू लागले आहे. फांद्या छाटायला तोच चढतो.

जाताजाता आणखी एक. तळीपरंब्याजवळच पन्नियूर गाव आहे. तेथल्या संशोधन केंद्रात जगातला पहिला संकरित मिरवेल तयार झाला. त्याचे नाव ‘पन्नियूर-१’. हाच वाण आपल्या कोकणातल्या नारळी-पोफळीच्या बागांतही लावतात आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने या मिश्र बागांचा मोठा प्रसार केला आहे. ज्या वाचकांचे आजोळ रत्नागिरी-सिंधुदुर्गात आहे, त्यांनी दिवाळीला गेल्यावर आगरात एक फेरी मारावी. कोकण सखल, पाऊस मुबलक, पोफळीची सावली दाट, म्हणजे असल्या भुंगेऱ्याला हवे तेच हवामान. आणि पन्नियूर-१ ला तर स्वतःलाच फार सावली मानवत नाही. घोस उलटा करून पिवळट मणी उकलून पाहायला पैसे पडत नाहीत.

ज्यांना आजोळी जायचे नाही त्या गृहिणींसाठी स्वयंपाकघरातली परीक्षा. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने भेसळ ओळखण्याच्या घरगुती युक्त्यांची पुस्तिका काढली आहे. तिच्यात मिऱ्यांसाठी काय सांगितले आहे? मिरी टेबलावर ठेवा आणि अंगठ्याने दाबा. चांगली फुटणार नाहीत, हलकी लगेच फुटतील. आणि मिरी पाण्यात टाका. चांगली तळाला जातील, पपईच्या बिया मिसळल्या असतील तर त्या तरंगतील. म्हणजे आत्याचा अंगठा आणि आत्याचा तांब्या! हे वाचल्यावर मला पुस्तिकेपेक्षा आत्याचा आदर अधिक वाटू लागला. हळकुंडात किंवा जुन्या मसाल्यात भोके पाडणारे बारीक तपकिरी किडे मात्र निराळे. ते डब्यात होतात, वेलीवर नव्हे. त्यांचा बंदोबस्त ऊन देऊन आणि घट्ट झाकणाने होतो.

या दसऱ्याला सोनारीला गेलो तेव्हा म्हाताऱ्यांनी दिलेली एक किलो मिरी बरोबर होती. आत्याने नेहमीप्रमाणे पाटावर पसरली. मूठभर दाण्यांत दोनच फुटले. ते तिने बाजूला ठेवले, आणि मी तिला सगळी हकीकत सांगितली: मण्यात अंडे घालणारा भुंगेरा, आतल्या आत खाणारी अळी, लिंबाचे औषध.

‘‘मग मी काय म्हनलं हुतं?’’ आत्या म्हणाली. ‘‘शेंगमाशीच ती. तिकडचा झगा घालून बसली.’’

शेताच्या बांधावर आत्याची तीन लिंबाची झाडे आहेत. आषाढात खाली पडलेल्या निंबोळ्या ती गोळा करते, वाळवते आणि पोत्यात भरून ठेवते. तूर फुलायला लागली की कुटून, रात्रभर पाण्यात भिजवून, फडक्यातून गाळून तो अर्क फवारायचा, हा तिच्याकडे वर्षानुवर्षांचा नेम. तूर त्या दिवशी पिवळ्या फुलांवर आली होती. आम्ही दोघे बांधावर गेलो. तिने एक फांदी खाली पदर धरून हलवली. पदरात चारदोन फुले आणि दोन हिरव्या अळ्या पडल्या. त्या घाटेअळ्या. शेंगमाशी अशी हलवून पडत नाही.

‘‘यंदा निंबोळी लई झालीय,’’ परतताना आत्या म्हणाली. ‘‘त्या म्हाताऱ्याला पायजे का इचार. एक पोतं एश्टीनं परंड्यापतूर जाईल. फुडचं तू बघ.’’

मी मेहुण्यांना फोन लावला. ते हसले, तिकडे निंबोळीचे औषध बाटलीत तयार मिळते. पण निरोप त्यांनी पोचवला. म्हाताऱ्यांचे उत्तर आले की पोते नको, मूठभर बी मात्र जरूर पाठवा, परसात लावून पाहतो. बी वाळलेली असल्याने रुजायची नाही असे आत्याचे मत पडले. निंबोळी ताजी पेरावी लागते. तेव्हा ते काम पुढच्या आषाढापर्यंत राहिले आहे.